संगणकास हार्ड डिस्क न सापडणे : दोषाची तपासणी

उन्हाळ्याची सुट्टी संपून जूनमध्ये शाळा उघडते. दीड महिना बंद राहिलेला संगणक शिक्षक सुरू करतात. पंखा फिरतो, पडद्यावर कंपनीचे बोधचिन्ह उमटते. परंतु पुढे 'नो बूटेबल डिव्हाइस' अशी एखादी इंग्रजी ओळ दिसून सारे थांबते. पेटी तालुक्याच्या गावी दुरुस्तीस जाते आणि पुष्कळदा 'फॉरमॅट करावे लागेल' एवढाच उपाय सांगितला जातो. त्याने यंत्र चालू होते खरे. पण मुलांची छायाचित्रे, निकालाचे तक्ते व शिक्षकाने वर्षानुवर्षे जमविलेल्या प्रश्नपत्रिका नाहीशा होतात. 'सरल' प्रणालीत भरलेली माहिती दूरच्या सर्व्हरवर असल्याने तिला धक्का लागत नाही; ही मात्र त्या एका डिस्कवरच असते. यास्तव पेटी शाळेबाहेर जाण्यापूर्वी दोष कोठे आहे हे शिक्षकाने स्वतः पाहणे इष्ट होय. (या पेटीस सर्वत्र 'सीपीयू' म्हणतात. वस्तुतः सीपीयू हा तिच्या आतील एक लहानसा भाग आहे. पण रूढीपुढे इलाज नाही.)

पडद्यावर अक्षरे उमटली म्हणजे वीजपुरवठा, मदरबोर्ड व मेमरी आपले काम करीत आहेत असे समजावे. प्रथम पेनड्राइव्ह अडकविलेला राहिला आहे काय ते पाहावे. तो काढताच कित्येकदा संगणक सुरळीत चालू होतो. न झाल्यास यंत्र पुन्हा सुरू करून लगेच 'डिलीट' अथवा 'एफ २' ही कळ दाबीत राहावे. कंपनीपरत्वे ही कळ बदलते. तिने 'बायोस'चे पृष्ठ उघडते. तेथे दोन गोष्टी वाचावयाच्या : तारीख आणि डिस्कचे नाव.

तारीख कित्येक वर्षे मागची दिसली, तर बहुधा मदरबोर्डावरील बटनसेल संपला आहे. संगणकाची वीज पूर्ण तोडलेली असताना घड्याळ या सेलवर चालते. म्हणून सुट्टीनंतरच हा दोष उघडकीस येतो. सेल संपला की बायोसमधील निवडी मूळ स्थितीस जातात, कोणत्या साधनापासून सुरुवात करावयाची हा क्रम बदलतो, आणि धडधाकट डिस्क असूनही संगणक तिच्यापर्यंत पोहोचत नाही. सेल बहुधा 'सीआर २०३२' या जातीचा असतो : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, दाब ३ व्होल्ट. तो बदलून तारीख व क्रम पुन्हा भरावा. डिस्क जोडणीची पद्धतही पूर्वीचीच ठेवावी. पूर्वी 'एएचसीआय' असेल तर तीच निवडावी. याकरिता संगणक चालू असतानाच त्या पृष्ठाचे छायाचित्र घेऊन ठेवणारा शिक्षक खरा दूरदर्शी.

तारीख ठीक आहे आणि डिस्कचे नावही दिसते, तर दोष क्रमाचा किंवा विंडोजचा. पेटी उघडण्याचे कारण नाही. नावच दिसत नसेल, तर मात्र उघडावी. त्यापूर्वी प्लग काढावा, सुरू करण्याची कळ काही सेकंद दाबून धरावी, आणि अंगावरील स्थिरविद्युत जावी म्हणून पेटीच्या रंग नसलेल्या धातूस हात लावावा. साटा जातीच्या डिस्कला दोन केबली असतात, एक माहितीची व एक विजेची. पुष्कळ केबलींना अडकविण्याची खिट्टी नसते. त्या केवळ घट्टपणावर टिकतात, व पेटी सरकविताना सैल पडतात. दोन्ही काढून सरळ बसवाव्यात. उपयोग न झाल्यास माहितीची केबल मदरबोर्डावरील दुसऱ्या खाचेत लावावी, अथवा दुसऱ्या संगणकाची चांगली केबल लावून पाहावी. एका वेळी एकच बदल करावा. दोन केल्यास गुण कशाने आला हे कळत नाही.

यानंतर कान द्यावा. फिरत्या चकतीची डिस्क सुरू होताना बारीक घरघर होते. एसएसडीत फिरणारा भाग नसल्याने तिला ही परीक्षा लागू नाही. घरघरीऐवजी ठराविक अंतराने टकटक ऐकू आली, तर यंत्र तत्काळ बंद करावे. चकतीवरून फिरणारे शीर्ष बिघडल्याची ती खूण असते, आणि प्रत्येक वेळी पुन्हा सुरू करून पाहण्याने चकतीवर ओरखडे पडून उरलेली माहितीही जाऊ शकते. डिस्कचे झाकण कदापि उघडू नये. आत शिरलेला धुळीचा कणही घातक ठरतो. ज्या कामगाराकडे ती द्यावयाची, त्यास 'माहिती काढावयाची आहे, फॉरमॅट करू नये' असे चिठ्ठीवर लिहून द्यावे. नवी डिस्क बसविल्यास जुनी परत मागून घ्यावी, जडवस्तू संग्रह नोंदवहीत तिची नोंद करावी व ती कुलपात ठेवावी. बंद पडली तरी तिच्यावर मुलांची नावे व जन्मतारखा असतात.