दुकान, खरेदी आणि इंग्रजी : विद्यार्थ्यांसाठी एक पाठ



विहारात रविवारी भरणाऱ्या इंग्रजीच्या वर्गाला आम्ही जमेल तसा वेळ देत असतो. मागे एकदा वर्गात विचारले, "इंग्रजीतील सर्वांत सोपा शब्द कोणता?" एक मुलगा चटकन म्हणाला, "शॉप." सारे हसले. पण बारावीत शिकणारी एक मुलगी हसली नाही. ती म्हणाली, "सर, शब्द येतो हो. पण मोठ्या दुकानात काउंटरपाशी गेले की तोंड उघडत नाही. बोट दाखवते आणि वस्तू घेऊन बाहेर येते."

तिचे बोलणे ऐकून आम्हाला आमची आजी आठवली. तिच्या पिढीला गावातल्या दुकानाच्या पायरीखाली उभे राहून मीठमिरची मागावी लागे. दुकानदार माल वरूनच पदरात टाकी आणि खाली ठेवलेल्या पैशांवर पाणी शिंपडून मगच ते उचली. आजीला बोलता येत होते, पण पायरी चढता येत नव्हती. आज आपण पायरी चढलो आहोत. मग जीभ का अडावी? हा पाठ त्यासाठीच लिहिला आहे.

१. दुकानांची नावे

किराणा दुकानाला इंग्रजीत 'ग्रोसरी शॉप' म्हणतात आणि दुकानदाराला 'ग्रोसर'. भाजी व फळे विकणारा तो 'ग्रीनग्रोसर'. मटणवाला 'बुचर', पाव-बिस्किटांचे दुकान 'बेकरी', सोनार 'ज्वेलर', चपला दुरुस्त करणारा 'कॉबलर', तर खिळे, बिजागऱ्या, कुलपे मिळतात ते 'हार्डवेअर शॉप'. पिठाची गिरणी म्हणजे 'फ्लोअर मिल'. रेशनच्या दुकानाचे कागदोपत्री नाव 'फेअर प्राइस शॉप', म्हणजे रास्त भावाचे दुकान.

आपण सर्रास म्हणतो, "मेडिकलमधून गोळी आण." परंतु इंग्रजीत 'मेडिकल' हे विशेषण आहे, त्याचा अर्थ 'वैद्यकीय' एवढाच. औषधांच्या दुकानाला इंग्लंडमध्ये 'केमिस्ट' आणि अमेरिकेत 'फार्मसी' किंवा 'ड्रगस्टोअर' म्हणतात. 'झेरॉक्स'चेही तसेच. ते एका कंपनीचे नाव आहे. प्रतीला 'फोटोकॉपी' म्हणावे.

वह्या-पेनांच्या दुकानावरील 'स्टेशनरी' या शब्दाचे स्पेलिंग नीट पाहा. शेवटच्या 'आर-वाय'च्या आधी 'ई' असेल तर लेखनसाहित्य. 'ए' असेल तर अर्थ होतो 'स्थिर, न हलणारे'. 'एन्व्हलप'चा 'ई' लक्षात ठेवला म्हणजे चूक होणार नाही.

२. काउंटरवर काय बोलावे

पुढील चार वाक्ये पाठ करावीत. त्यांवर बरेचसे काम भागते.

'डू यू हॅव ग्राफ पेपर?' : तुमच्याकडे आलेखाचा कागद आहे का?
'कुड आय हॅव अ किलो ऑफ शुगर, प्लीज?' : मला एक किलो साखर देता का?
'हाऊ मच इज धिस?' : याची किंमत काय?
'कुड आय हॅव अ रिसीट, प्लीज?' : मला पावती मिळेल का?

'गिव्ह मी' हे शब्द व्याकरणाने चुकीचे नाहीत, पण कानाला हुकूम वाटतात. मराठीत 'द्या' म्हटले की 'द्या'मध्येच आदर येतो. इंग्रजीत तो 'कुड' आणि 'प्लीज' या शब्दांनी आणावा लागतो. मात्र नम्रता म्हणजे लाचारी नव्हे. मान ताठ, आवाज स्पष्ट आणि शब्द सौम्य, असे बोलावे.

'रिसीट'च्या स्पेलिंगमध्ये 'पी' आहे, पण त्याचा उच्चार होत नाही. सुट्या पैशांना 'चेंज' म्हणतात. 'डू यू हॅव चेंज फॉर फाइव्ह हंड्रेड?' म्हणजे पाचशेचे सुटे आहेत का? हल्ली फोनवरून पैसे देण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. तेथे 'कॅन आय पे बाय यूपीआय?' असे विचारावे.

३. नेहमी होणाऱ्या चुका

(अ) 'आय मेड शॉपिंग' असे म्हणू नये. 'आय डिड सम शॉपिंग' किंवा 'आय वेंट शॉपिंग' म्हणावे. बाजारहाट या अर्थी 'मार्केटिंग' हा शब्दही टाळावा; आज त्याचा अर्थ मालाला गिऱ्हाईक मिळवणे असा घेतात.

(आ) मोजता येणाऱ्या वस्तूंना 'हाऊ मेनी', न मोजता येणाऱ्यांना 'हाऊ मच'. 'हाऊ मेनी एग्ज', पण 'हाऊ मच राइस'. किंमत विचारताना नेहमी 'हाऊ मच'.

(इ) 'चीप' म्हणजे स्वस्त खरे, पण त्यात हलक्या प्रतीचा असाही वास येतो. दुकानदाराच्या मालाला 'चीप' म्हणण्यापेक्षा भाव 'रीझनेबल' आहे असे म्हणावे.

(ई) 'फॉर सेल' म्हणजे विक्रीसाठी आहे. 'ऑन सेल'चा एक अर्थ सवलतीत आहे असा होतो. पाटी नीट वाचावी.

(उ) उधारीला 'ऑन क्रेडिट' म्हणतात. बँकेत खात्यावर 'क्रेडिट' पडले की आपल्याला आनंद होतो. दुकानात 'क्रेडिट'वर घेतले की महिनाअखेरीस ते फेडावे लागते. शब्द एकच, पण एकीकडे पैसे येणार आणि दुसरीकडे जाणार.

४. पावती आणि हक्क

पाकिटावरील 'एम. आर. पी.' म्हणजे 'मॅक्झिमम रिटेल प्राइस', सर्व करांसह जास्तीत जास्त किंमत. 'नेट वेट' म्हणजे वेष्टन वगळून मालाचे वजन. 'बेस्ट बिफोर' ही तारीख घेण्यापूर्वी वाचावी. एवढे तीन शब्द वाचता येणाऱ्या ग्राहकाला फसवणे सोपे नसते. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या जागी आता २०१९ चा कायदा आहे. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक लिहून ठेवावा. पण तक्रारीला आधार पावतीचा असतो. म्हणून चौथे वाक्य विसरू नये.

५. 'शॉप' या शब्दाचा मोठा अर्थ

आता त्या सोप्या शब्दाकडे परत येऊ. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ मधील दुसऱ्या खंडात म्हटले आहे की, धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला सार्वजनिक ठिकाणी जाण्यास अडवता येणार नाही. त्या ठिकाणांच्या यादीतील पहिलाच शब्द आहे 'शॉप्स'. विहिरी, तळी आणि घाट त्यानंतर येतात.

संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी या कलमावर चर्चा झाली, तेव्हा परमपूज्य बाबासाहेबांनी 'शॉप' या शब्दाचा अर्थ समजावून सांगितला. त्यांचे म्हणणे असे की, हा शब्द येथे व्यापक अर्थाने घेतला आहे. जेथे मालक येणाऱ्या कोणालाही आपली सेवा द्यायला तयार असतो, ती जागा म्हणजे 'शॉप'. केवळ आत पाऊल टाकू देणे पुरेसे नाही. अटी मान्य असतील तर सेवाही मिळाली पाहिजे. या अर्थाने केशकर्तनालय आणि लाँड्रीही 'शॉप'च होत.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या लेखनात बाबासाहेबांनी साताऱ्याच्या बालपणाविषयी लिहिले आहे. गावात न्हावी होते, पैसे द्यायची ऐपत होती, तरी घरातल्या भावंडांचे केस त्यांची थोरली बहीण कापत असे. धोबीही कपडे घेत नसे. ज्या मुलाला न्हाव्याची खुर्ची मिळाली नाही, त्यानेच पुढे एका इंग्रजी शब्दाचा अर्थ एवढा रुंद केला की त्यात प्रत्येक दुकानाचे दार मावले. पुढे १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून माल किंवा सेवा नाकारणे हा गुन्हा ठरवला. १९७६ च्या दुरुस्तीपासून त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे आहे.

म्हणून मित्रहो, काउंटरपाशी बोट दाखवू नका. शब्द वापरा. त्या मुलीने पुढच्या रविवारी वर्गात एक पावती आणून दाखवली. तिने ती स्वतः मागून घेतली होती, इंग्रजीत.

स्वाध्याय

१. आपल्या वस्तीतील दहा दुकानांची नावे इंग्रजीत लिहा.
२. भगवान बुद्धांनी उपासकांना शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष हे पाच व्यापार वर्ज्य सांगितले. त्यांना इंग्रजीत काय म्हणतात ते शब्दकोशात शोधा.
३. या आठवड्यात एका दुकानात वरील चार वाक्यांपैकी निदान एक वाक्य बोला. चुकले तरी चालेल. गप्प राहू नका.

जयभीम! भवतु सब्ब मंगलम्!