जलहालिम : पानांचे गुण आणि पाण्याचे दोष

परिचय : वॉटरक्रेस (नॅस्टर्शियम ऑफिसिनेल) ही मोहरीच्या कुळातील बहुवर्षायू जलवनस्पती होय. मूळची युरोप व पश्चिम आशियातील ही वनस्पती समशीतोष्ण प्रदेशांतील थंड, वाहत्या झऱ्यांत वाढते. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात विल्यम ब्रॅडबरी यांनी १८०८ मध्ये तिची व्यापारी लागवड सुरू केली. हिमालयातील ओढ्यांतही ती आढळते. हिंदीत तिला जलहालिम म्हणतात. तथापि चंद्रशूर, म्हणजे आपले अहाळीव, हे द्रव्य वेगळे. अहाळिवाचे बी वापरतात, जलहालिमाची पाने. एकाच्या जागी दुसरे देऊ नये.

ओळख : खोड पोकळ, पेरांपासून मुळे फुटलेली, पाने संयुक्त, टोकाची पर्णिका मोठी, फुले पांढरी, चार पाकळ्यांची. अशाच पाणथळ जागी गाजराच्या कुळातील विषारी वनस्पतीही उगवतात. त्यांची फुले पाच पाकळ्यांची व छत्राकार गुच्छात असतात. फुले नसताना केवळ पानांवरून निर्णय करू नये.

गुणविचार : चवीस पाने कटु व किंचित तिक्त. पान चावले वा चिरले असता त्यातील विकर कार्यरत होऊन तीक्ष्ण घटक (आयसोथायोसायनेट) निर्माण होतात. शिजविल्याने हे विकर नष्ट होते व तिखटपणा घटतो. म्हणून ताज्या पानांविषयी जे सांगितले जाते, ते काढ्यास वा भाजीस जसेच्या तसे लागू करणे युक्त नव्हे.

सावधानता : येथेच खरा पेच आहे. गुरे-मेंढ्या चरतात तेथील ओढ्यांत गोगलगायींमार्फत वाढणाऱ्या यकृतकृमीचे (फॅसिओला हेपॅटिका) कोश या पानांना चिकटतात. पाने कच्ची खाल्ल्यास कृमी आतड्याची भित्ती भेदून यकृतात व पित्तवाहिन्यांत पोहोचतात. ज्वर, उजव्या कुशीत शूल व रक्तातील इओसिनोफिल पेशींची वाढ आढळल्यास रुग्णास कच्च्या पाणभाजीविषयी अवश्य विचारावे व तपासणीस पाठवावे. नुसत्या धुण्याने सर्व कोश निघतील अशी खात्री नसते. गुण थोडा उणावला तरी चालेल, पण रानातील पाने शिजवूनच द्यावीत. कच्ची पाने केवळ शुद्ध, संरक्षित पाण्यातील लागवडीचीच असावीत.

शंभर ग्रॅम पानांत सुमारे २५० मायक्रोग्रॅम जीवनसत्त्व ‘के’ असते. वॉरफेरिन घेणाऱ्या रुग्णाने ही भाजी अचानक वाढविल्यास औषधाचा परिणाम मंदावतो, हे वैद्यांनी ध्यानी घ्यावे.

औषधालयांसाठी : रोपवाटिकांत ‘नॅस्टर्शियम’ नावाने मिळणारे नारिंगी फुलांचे झाड निराळे. मागणी नोंदविताना पूर्ण शास्त्रीय नाव लिहावे आणि माल घेताना तो कोणत्या पाण्यातला, हे प्रथम विचारावे.