पायवाट कुठे वळते ते बघ

वाई, मंगळवार

चि. ओंकार,

तुझा फोटो पोचला. इंग्लंडातल्या सफोकमधलं नांगरलेलं रान, कानाला हेडफोन, हातात धातू शोधायचं मशीन. वहिनी म्हणाल्या, "एवढा इंजिनिअर केला आणि पोरगं भंगार गोळा करतंय." मी हसलो. पण चार रविवारांत दोन बटणं आणि ट्रॅक्टरचा एक नट, हे वाचून राहवेना. चाळीस एकर रान अंदाजाने धुंडाळलंस तर दुसरं काय हाती लागणार? मी 31 वर्षं भूकरमापक म्हणून बांध तुडवले, म्हणून लिहितो.

आधी टाइथ नकाशा मिळव. चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दशांश 1836 च्या कायद्याने रोख रकमेत बदलला, आणि त्यासाठी गावोगावची शेतं मोजली गेली. इंग्लंड-वेल्समध्ये असे अकरा हजारांवर नकाशे झाले. नकाशाबरोबर नोंदवही असते. तिच्यात शेताचा क्रमांक, मालक, कसणारा, क्षेत्र आणि शेताचं नाव. आम्ही गावनकाशा आणि सातबारा शेजारीशेजारी ठेवून वाचतो, तसंच ते वाच. तिकडची मोजणीची साखळी 66 फुटांची, आपली 33 ची, म्हणून तर आपला गुंठा 33 फूट बाय 33. तेव्हा हे काम तुझ्या घरातलंच आहे.

नावं मोठ्याने वाच. 'फेअर फील्ड' म्हणजे बहुधा जत्रेचं रान, म्हणजे गर्दी, देणंघेणं, सांडलेले पैसे. पण एकट्या नावावर भरवसा ठेवू नकोस. माझ्या हद्दीतल्या 'सोनमाळा'वर कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं.

मग ऑर्डनन्स सर्व्हेचा सहा इंचांना मैल हा 1880 च्या दशकातला नकाशा घे. स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीने तो आजच्या उपग्रह-चित्रावर बसवून ठेवला आहे, फुकट बघता येतो. त्यावर 'एफ. पी.' लिहिलेली तुटक रेघ शोध. ती पायवाट. 'एफ. बी.' म्हणजे साकव. आज तिथे नुसती नांगरट दिसत असेल, कुंपणं काढून चार शेतांचं एक केलेलं असेल, तर तिथे जा. पायवाट सरळ असते तिथे माणूस चालत राहतो. ती वळते, ओढा ओलांडते, कुंपण चढते, तिथे तो थांबतो, वाकतो, ओझं खाली ठेवतो, आणि खिशातलं काहीतरी पडतं. अख्खं रान सोड, त्या वळणाभोवतीचे चार गुंठे नीट फिर.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मला एक हद्दीचा दगड शोधायचा होता. नकाशावर खिशातली पट्टी टेकवली, अंतर काढलं, खणायला लावलं. दुपारपर्यंत तीन खड्डे झाले, दगड नाही. शेतमालकीण म्हातारी बांधावर भाकरी खात बसली होती. म्हणाली, "भाऊसायब, दगड त्या बोरीखाली हाय." होताच. मी नऊ फूट चुकलो होतो. कापडावर चिकटवलेला तो जुना कागद एका अंगाने आकसला होता, आणि नकाशावर छापलेली स्केलची पट्टी माझ्या पट्टीशी ताडून बघायचं मला सुचलं नव्हतं. तू आधी चर्चचा मनोरा आणि रस्त्याचा एखादा कोपरा, अशा आजही जागेवर असलेल्या दोन खुणांमधलं अंतर मोजून बघ. समासात मोजणीचं साल आणि छपाईचं साल वेगळं दिलेलं असतं, त्यातलं मोजणीचं धर. आणि तिथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचार.

नकाशावर जुन्या वळणाच्या गॉथिक अक्षरांत काही लिहिलेलं दिसलं की तोंडाला पाणी सुटेल. ती प्राचीन अवशेषांची जागा. ती संरक्षित यादीत असेल तर परवानगीशिवाय तिथे मशीन फिरवणं हाच गुन्हा. बाकी ठिकाणीही मालकाची परवानगी लेखी घे. नांगराच्या फाळाखाली खणू नकोस.

तुझ्याच सफोकमध्ये, हॉक्सन गावात, 1992 साली एरिक लॉझ शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला गेला आणि रोमन नाण्यांच्या साठ्यावर पोचला. पंधरा हजारांच्या आसपास नाणी. त्याचं मोठेपण मला यात दिसतं की थोडं वर काढून तो थांबला आणि कळवून मोकळा झाला. म्हणून साठ्याच्या पेटीत काय कुठे ठेवलं होतं ते पुरातत्त्ववाल्यांना जागच्या जागी बघता आलं. हातोडाही सापडला. तुझ्या हाती 300 वर्षांवरची सोन्या-चांदीची एकाहून जास्त नाणी एकत्र लागली, तर 14 दिवसांत कोरोनरला कळवावं लागतं. सुटं बटण असलं तरी जागेचे आकडे टिपून ठेव.

दिवाळीला येशील तेव्हा मशीन तिकडेच ठेव. आपल्याकडे 1878 चा कायदा आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांवरचं काही सापडलं तरी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि वाईच्या घाटावर तू मशीन घेऊन उभा राहिलास, तर अर्धा गाव गुप्तधन बघायला मागे लागेल.

त्या टाइथ नकाशाची एक प्रत मला पाठव. खालची स्केलची पट्टी कापू नकोस.

तुझा,
काका