डोळा लाल नाही, मग सूज कसली?

प्रश्न : वडिलांचं वय ७२. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी एका डोळ्याला दाराची चौकट वाकडी दिसते. डॉक्टर म्हणाले, वयामुळे पडद्याला सूज आहे, डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल. डोळा लाल नाही, दुखतही नाही, मग सूज कसली? थेंबांवर भागणार नाही का? आम्ही दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो. उन्हाळ्यात परत आल्यावर इंजेक्शन दिलं तर चालेल का?
— एक वाचक, ता. केज, जि. बीड

उत्तर : शेवटचं आधी सांगतो. नाही चालणार. डॉक्टरांनी सांगितलंय तर इंजेक्शन लगेच घ्या.

मोतीबिंदू भिंगात होतो, हा आजार त्याच्या मागे, डोळ्याच्या तळाशी असलेल्या पडद्याचा. पडद्याची जाडी जेमतेम पाव मिलिमीटर आणि त्यात दुखणं कळवणाऱ्या नसाच नाहीत. वडिलांच्या पडद्याखाली बहुधा नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या उगवल्या आहेत. त्या पाझरतात, पडदा फुगतो आणि सरळ चौकट वाकडी दिसते. लाली येते ती डोळ्याच्या दर्शनी पांढऱ्या भागावर. तळाशी काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही.

या वाहिन्या का उगवतात, याचा शोध अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात डॉ. राजेंद्र आपटे अनेक वर्षं घेत आहेत. शरीराच्या संरक्षक पेशी डोळ्यात जपून वागतात, हे शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९४८ मध्येच दाखवलं होतं. नाजूक जागी जोराची लढाई झाली तर दृष्टीच जायची. आपटे यांनी लक्ष घातलं ते या संरक्षक पेशींपैकी मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशींवर. कचरा गिळणं हे त्यांचं काम. २००६ मध्ये त्यांच्या गटाने उंदरांवर दाखवलं, की या पेशी वाईट वाहिन्यांची वाढ रोखतात. मग म्हातारपणी त्याच पेशी उलटतात कशा? उत्तर २०१३ मध्ये आलं. वय झालेली पेशी कोलेस्टेरॉल गिळते, पण ते बाहेर टाकणारं प्रथिन तिच्यात कमी पडतं. विहिरीत गाळ काढायला उतरलेल्या माणसाने तो वर न पाठवता पायाशीच साचवावा आणि स्वतःच रुतावं, तसं होतं. चरबीने भरलेली पेशी वाहिन्या रोखत नाही, उलट दाह वाढवते. माणसांच्या पेशींतही त्यांना हीच उणीव आढळली. मला हे काम मोलाचं वाटतं, कारण म्हातारपणाची नजर म्हणून सोडून देतात त्या दुखण्याचं एक नेमकं कारण इथे हाती लागलं. बिडी-सिगारेटने हा आजार बळावतो, तेव्हा वडील ओढत असतील तर आजच बंद करायला लावा.

आता थेंब. आपटे यांच्या २०१३ च्या त्याच प्रयोगात कोलेस्टेरॉल बाहेर काढायला लावणारं औषध उंदरांना थेंबांतून दिलं आणि गुण आला. पण उंदराचा डोळा सुमारे ३ मिलिमीटरचा, आपला २४. वरून घातलेलं औषध अश्रूंबरोबर वाहून जातं, तळापर्यंत फारच थोडं पोचतं. म्हणून आज तरी इंजेक्शनच. डोळा बधिर करून देतात, वडिलांना धीर द्या. मेडिकलमधून आपल्या मनाने सूज उतरवणारे थेंब आणू नका. त्यांत स्टेरॉइड असलं तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदूची भीती.

हे इंजेक्शन एकदा देऊन भागत नाही. सुरुवातीला साधारण दर महिन्याला एक, अशी तीन देतात, पुढचं तपासून ठरतं. मधले पाच-सहा महिने गेले तर पडद्याखाली वण धरतो, आणि वणावर इंजेक्शनचा उपयोग होत नाही. त्यामुळे वडिलांना गावी नातेवाइकांकडे ठेवून तारखा सांभाळा. सोबत न्यावंच लागलं तर डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या, पडद्याच्या ओसीटी तपासणीचे कागद पिशवीत ठेवा आणि कारखान्याजवळच्या मोठ्या शहरात पडद्याचे डॉक्टर कोण, हे निघण्याआधीच विचारून घ्या. दुसरा डोळा आठवड्यातून एकदा घरीच तपासा. अधू डोळ्यावर तळहात धरून वडिलांना खिडकीच्या गजांकडे पाहायला सांगा. एखादा गज जरी वाकडा वाटला, तरी दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठा.