ट्रॅक्टर आणि अवजार यांच्या मध्ये कोणी नको

जव्हार-मोखाड्यात ट्रॅक्टरच्या शेतकामाचे दिवस थोडे, पण त्या थोड्या दिवसांत अवजारे सारखी बदलावी लागतात. मे महिन्यात माळावर पलटी नांगर, वळवाचा पाऊस झाला की कल्टिव्हेटर, आणि जुलैत राबावरचे भाताचे रोप लावणीला आले की चिखलणीसाठी रोटाव्हेटर. एकच ट्रॅक्टर शेतकरी गटातल्या चार-पाच घरांत फिरत असेल, तर एका दिवसात दोन-तीनदा जोडायचे आणि सोडायचे काम निघते. नागली-वरईची उताराची वरकस जमीन बैलांची आणि कुदळीची. ट्रॅक्टर चालतो तो खाचरांत आणि सपाट माळावर. तिथपर्यंतची वाट मात्र चढउताराची, दगडांची आणि पावसात निसरडी.

अवजार जोडण्याची नेहमीची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. ड्रायव्हर ट्रॅक्टर मागे घेतो, हेल्पर मागच्या चाकांमध्ये वाकून लिंकचा गोळा अवजाराच्या पिनेवर चढवायला बघतो. जमत नाही. "अजून थोडा मागे घे!" ट्रॅक्टर बोटभर जास्त मागे येतो. मग पहार घालून तीनशे-चारशे किलोचा रोटाव्हेटर सरकवायचा, तोही चिखलात. बोटे चेंगरतात ती इथे, आणि क्लचवरून पाय निसटला तर बोटांवर भागत नाही. अवजार झटपट जोडणाऱ्या क्विक हिचमुळे वेळ वाचतो हे खरेच, पण त्याची खरी किंमत अशी की मधल्या जागेत माणूस उभा करावा लागत नाही. खालची सगळी कृती याच एका गोष्टीसाठी आहे.

क्विक हिच म्हणजे लोखंडी चौकट. ती ट्रॅक्टरच्या दोन खालच्या लिंक आणि वरची टॉप लिंक यांवर एकदाच बसवायची. चौकटीला मागच्या बाजूने तीन हुक असतात, वर एक आणि खाली दोन. अवजाराच्या तीन पिना या हुकांत बसतात, खालचे दोन हुक खटक्याने बंद होतात. तीन बिंदूंची जोडणी मुळात हॅरी फर्ग्युसन या आयर्लंडच्या माणसाची; तिचे पेटंट १९२६चे, आणि १९३९मध्ये फोर्डच्या ट्रॅक्टरवर ती मोठ्या प्रमाणात आली. त्याआधी नांगर नुसता मागे ओढला जाई. फाळाला दगड अडला की ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाई आणि तो चालकाच्या अंगावर उलटे. काळ्या पाषाणाच्या आपल्या जमिनीत फाळाला दगड लागणे रोजचेच आहे, त्यामुळे त्या माणसाने नेमके काय सोडवले ते इथल्या शेतकऱ्याला चटकन कळेल. क्विक हिच ही त्याच जोडणीची पुढची पायरी.

चौकट विकत घेण्याआधी टेप घेऊन बसा. हे काम घाईत केले की चौकट गोठ्यात पडून राहते. चाळीस-पंचेचाळीस एचपीचे बरेच ट्रॅक्टर कॅटेगरी दोनचे असतात, त्याहून लहान कॅटेगरी एकचे. कॅटेगरी एकमध्ये खालची पिन २२ मिलिमीटर जाड आणि वरची १९. कॅटेगरी दोनमध्ये खालची २८ आणि वरची २५. मिनी ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी. त्यांच्या खालच्या लिंका पुष्कळदा जवळजवळ असतात आणि पूर्ण रुंदीची चौकट त्यांच्यावर नीट बसत नाही. लहान खाचरांमुळे आपल्याकडे मिनी ट्रॅक्टर सोयीचा पडतो, म्हणून दुकानदाराच्या शब्दावर न जाता आपल्या ट्रॅक्टरच्या लिंकांमधले अंतर मोजून घेऊन जा.

आता अवजार मोजा. कॅटेगरी एकच्या प्रमाणित चौकटीत खालच्या हुकांपासून वरचा हुक १५ इंचांवर असतो. अवजाराची वरची पिनही खालच्या पिनांपासून तेवढ्याच उंचीवर हवी. अडचण नेमकी इथे येते. एका कंपनीचा नांगर, दुसरीकडचा रोटाव्हेटर, गावात बनवलेला कल्टिव्हेटर, अशी सरमिसळ असली की प्रत्येकाची उंची निराळी निघते. काही चौकटींत वरचा हुक खालीवर करता येतो; घ्यायची तर तशीच घ्या. नाहीतर अवजाराच्या वरच्या सांगाड्याला योग्य उंचीवर नवे भोक असलेली जाड पट्टी वेल्डिंग करून घ्यावी लागते. हे काम कसलेल्या वेल्डरकडूनच करवा, कारण नांगराचा सगळा ताण त्या पट्टीवर येतो. शिवाय अवजाराच्या पिनांवर लोखंडी बुश चढवावे लागतात, कॅटेगरी एकला खाली साधारण ३६ मिलिमीटरचे आणि वर ३२चे. बुशशिवाय बारीक पिन हुकात खुळखुळते आणि हुक झिजतो. एकट्यादुकट्या शेतकऱ्याला हा खर्च जड वाटेल. गटाच्या अवजार बँकेला मात्र तो परवडतो, कारण तिथे एकदा सगळी अवजारे एका मापात आणली की पुढे प्रत्येक घराचा त्रास वाचतो.

चौकट ट्रॅक्टरवर चढवायची ती सपाट, टणक जागेवर. हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा, किल्ली खिशात टाका, पुढच्या चाकांना दगड लावा. आधी डावी लिंक, मग उजवी, शेवटी टॉप लिंक. उजव्या लिंकला उंची कमीजास्त करायचा दांडा असतो, म्हणून ती डावीनंतर जुळवणे सोपे जाते. प्रत्येक पिनेला लिंच पिन हवीच. तिच्या जागी वाकवलेली तार किंवा खिळा नको. मग टॉप लिंक फिरवून चौकट बाजूने पाहता उभी सरळ करा, आणि मागून पाहता तिचे दोन्ही खालचे हुक जमिनीपासून सारख्या उंचीवर आणा. चेक चेन इतपत आवळा की चौकट हाताने ढकलली तर दोन्हीकडे थोडीच हलेल.

एक गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. चौकटीमुळे अवजार तीन-चार इंच मागे सरकते. त्याचे दोन परिणाम होतात. पहिला, वजन मागे गेल्याने ट्रॅक्टरची उचल कमी पडते आणि पुढची चाके हलकी होतात. चौकटीचे स्वतःचे वजनही त्यात धरा. मिनी ट्रॅक्टर आधीच आपल्या ताकदीच्या टोकाला काम करत असेल तर पुढे वजने लावल्याशिवाय चढावर जाऊ नका. दुसरा परिणाम पीटीओ शाफ्टवर, म्हणजे ट्रॅक्टरची फिरती ताकद अवजाराला देणाऱ्या दांड्यावर. शाफ्टचे दोन भाग एकमेकांत सरकतात. अवजार मागे गेले की ते कमी अडकतात. अवजार जोडून, पीटीओ बंद ठेवून हायड्रॉलिकने वर आणि खाली, दोन्ही टोकांना न्या आणि प्रत्येक वेळी इंजिन बंद करून बघा. सर्वात लांब स्थितीतही आत गेलेला भाग एकूण सरकत्या लांबीच्या किमान एक तृतीयांश राहिला पाहिजे. कमी पडत असेल तर लांब शाफ्ट घ्या. मिनिटाला ५४० फेऱ्यांनी फिरणारा शाफ्ट मध्येच निसटला तर तो लोखंडी सोटा कुठे जाईल याचा नेम नसतो.

आता प्रत्यक्ष जोडणी. अवजार सपाटीवर, स्टँडवर किंवा फळ्यांवर उभे असावे. खाचराच्या बांधाजवळ उताराशिवाय जागाच नसेल, तर अवजाराला दगडांची उटी लावा आणि ट्रॅक्टर त्याच्या खालच्या अंगाला ठेवून चढाकडे मागे घ्या. ब्रेक सुटला तरी ट्रॅक्टर अवजारापासून दूर जाईल. वरून खाली मागे येताना ब्रेक सुटला तर तो थेट अवजारावर येतो, म्हणून तसे कधीच करू नका. हेल्परने ड्रायव्हरला दिसेल असे बाजूला, लांब उभे राहायचे.

खालच्या हुकांचे खटके उघडे ठेवा. चौकट इतकी खाली आणा की तिचे हुक अवजाराच्या पिनांच्या खालून जातील. सर्वात हळू गिअरमध्ये, इंजिन मंद ठेवून, चौकटीचा मध्य अवजाराच्या मधल्या सांगाड्यावर रोखत सरळ मागे या. तिरके आलात तर पुढे जाऊन पुन्हा या. स्टिअरिंगने ओढाताण करून एक हुक बसवायचा प्रयत्न फसतो आणि पिना वाकतात. पिना हुकांवर आल्या की थांबा आणि हायड्रॉलिकचा लिव्हर हळूच उचला. साधारणपणे वरचा हुक आधी पकडतो, मग अवजार आपल्याच वजनाने खालच्या दोन हुकांत येऊन बसते आणि खटके टक्कन बंद होतात. काही चौकटींत खटक्यांचे दांडे हाताने खाली करावे लागतात. अवजार वीतभर उचला, पुन्हा टेकवा, इंजिन बंद करा आणि मगच उतरून दोन्ही बाजूंचे खटके डोळ्यांनी बघा. चिखलणीच्या दिवसांत हे बघणे सोडू नका. हुकात चिखलाचा गोळा राहिला की खटका अर्धाच बसतो, आवाज मात्र येतो. जुना टूथब्रश किंवा काडी ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवा.

खटके बसले की इंजिन बंद असतानाच शाफ्ट लावा. आधी अवजाराच्या बाजूला, मग ट्रॅक्टरच्या. लॉकची पिन खाचेत बसल्याचे ओढून बघा आणि शाफ्टच्या प्लॅस्टिक आवरणाची साखळी अडकवा. ते आवरण फुटले असेल तर काम थांबवून नवे बसवा. लुंगीचा किंवा उपरण्याचा सोगा त्या शाफ्टवर क्षणात गुंडाळला जातो.

मग अवजार जुळवायचे. रोटाव्हेटर दोन्ही बाजूंनी समपातळीत हवा आणि चेक चेन घट्ट, नाहीतर तो बाजूला झोके घेत बांध खातो. नांगराला मात्र थोडी मोकळीक द्यावी लागते. टॉप लिंक आखूड केली की फाळाचे टोक जास्त खुपते, लांब केली की वर येते. मातीचा थर पातळ आणि खाली मुरूम असलेल्या माळावर फाळ जास्त खुपवू नका. नांगरणीत ड्राफ्ट कंट्रोल वापरा, रोटाव्हेटरला पोझिशन कंट्रोल.

रस्त्यावर निघताना पीटीओ बंद, अवजार वर उचलून हायड्रॉलिक लॉक, आणि दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांना जोडलेली. शेतात वळायला पेडल सुटी ठेवतात आणि तशीच रस्त्यावर विसरतात. जव्हारहून विक्रमगडकडे उतरताना किंवा मोखाड्याहून त्र्यंबककडे तोरंगणचा घाट चढताना एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर आडवा होतो. उतारावर न्यूट्रल नाही. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. ट्रॉली ओढायची असेल तर चौकट तिच्या दांड्याला लागते का ते आधी बघा. लागत असेल तर काढून ठेवा. ट्रॉली ट्रॅक्टरच्या स्वतःच्या हुकलाच लावायची, चौकटीला कधीच नाही.

सोडताना क्रम उलटा. सपाट जागा बघा, अवजार फळ्यांवर टेकवा, इंजिन बंद करून आधी शाफ्ट काढा. शाफ्ट विसरून पुढे गेलात तर तो मोडतो किंवा पीटीओचे सील जाते. मग खटक्यांचे दांडे उघडा, वर बसा, चौकट हळू खाली करून हुक पिनांच्या खाली गेल्यावर सरळ पुढे निघा. लावणी संपली की चौकट आणि हुक धुऊन कोरडे करा, खटक्यांच्या स्प्रिंगला तेल आणि बुशांना ग्रीस द्या, आणि शाफ्ट जमिनीवर न टाकता छपराखाली टांगा.