पहाटे साडेचारची हाक

प्रश्न : आमची मनी नऊ महिन्यांची आहे. आम्ही दोघंही सकाळच्या लोकलनं मुंबईला जातो, घरी यायला रात्रीचे आठ वाजतात. मनी रोज पहाटे साडेचारला बेडरूमच्या दारावर नखं घासत ओरडते. वाटीत खाणं टाकलं की गप्प. शिवाय नव्या सोफ्याचा कोपरा पार फाडलाय. रागावलो, पाण्याचा फवारा मारला, काही उपयोग नाही. कल्याणच्या सासूबाई म्हणतात, कुत्रं शिकतं, मांजर शिकत नाही. खरं आहे का?
— एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : ताई, मनी शिकली आहे. दारावर ओरडलं की तुम्ही उठता आणि वाटी भरते, हा धडा तिला पक्का पाठ आहे.

१८९८मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक या तरुण अमेरिकन संशोधकानं भुकेल्या मांजरांना फळ्यांच्या खोक्यात ठेवलं आणि खाणं बाहेर. आत एक दोरीचा फास असे; तो ओढला की दार उघडे. मांजर आधी ओरबाडे, चावे, धडपडे आणि त्या धडपडीत कधीतरी फास ओढला जाई. पुढच्या प्रत्येक खेपेला सुटायला लागणारा वेळ साधारण कमी होत गेला. ज्यातून काही मिळालं नाही ते गळालं, ज्यातून खाणं मिळालं ते टिकलं. प्राण्यांच्या शिकण्याविषयीचं एक मूलभूत तत्त्व जगाला मांजरांनी दिलंय, हे सासूबाईंना जरूर सांगा.

आता साडेचारचं. उंदीर, पाखरं हलतात त्या तिन्हीसांजेला आणि पहाटे मांजर तरतरीत असतं. त्यात मनी सगळा दिवस बंद फ्लॅटमध्ये झोपून काढते. म्हणून रात्री थकून आलात तरी तिच्यासाठी पंधरा मिनिटं काढाच. काठीला दोरी, दोरीला पीस. पळवा, लपवा आणि शेवटी तिला ते पकडू द्या. (खेळ संपला की दोरी कपाटात. गिळलेली दोरी आतड्यात अडकून जिवावर बेतते.) खेळानंतर, तुम्ही झोपायच्या जरा आधी, पोटभर जेवण. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप हा तिचा जन्मजात क्रम आहे.

पहाटे मात्र दार उघडायचं नाही, आतून ओरडायचंही नाही. उठल्या उठल्या वाटी भरू नका. दात घासून, चहा होऊन मग. पहिले काही दिवस ती जास्तच ओरडेल, शेजाऱ्यांना आधीच कल्पना देऊन ठेवा. पाचव्या दिवशी तुम्ही विरघळलात, तर पाच दिवस ओरडावं लागतं एवढंच ती शिकेल. एक विचारायचं राहिलं : तिचं नसबंदीचं ऑपरेशन झालंय का? नसेल, तर जमिनीवर लोळत आर्त ओरडणं म्हणजे ती माजावर आली असण्याची शक्यता आहे. तिथं शिस्तीचा उपयोग नाही, पशुवैद्यांकडे जा.

सोफ्यावर ती राग काढत नाही. ओरबाडताना नखांवरचं जुनं टरफल निघतं, पाठ ताणली जाते आणि पंजातल्या ग्रंथींचा वास मागं राहतो. हे तिला करावंच लागतं. मग जागा आपण द्यायची. उभं राहून पूर्ण ताणता येईल एवढ्या उंच फळीला सुतळी घट्ट गुंडाळा आणि ती सोफ्याच्या त्याच कोपऱ्याशी, हलणार नाही अशी उभी करा. गॅलरीत ठेवलीत तर फुकट जाईल. सोफ्याचा कोपरा काही आठवडे जाड चादरीनं झाका. फळीवर पंजा पडताक्षणी उकडलेल्या कोंबडीचा बिनमिठाचा तुकडा द्या. मिनिटभर उशीर झाला तरी तो कशाबद्दल मिळाला हे तिला कळत नाही. फवारा सोडाच. त्यातून ती तुम्हाला घाबरेल, सोफ्याला नाही. आणि दिवसभर सोफा तिचाच आहे.

तिथं डांबरगोळ्या ठेवा किंवा फिनाईल शिंपडा, असं कुणी सांगेल. कृपा करून ऐकू नका. दोन्ही मांजराला विषारी आहेत, आणि पंजाला लागलेलं सगळं ती चाटून पोटात घेते.

जमलं तर आजपासून वाटी ठेवताना दर वेळी एकच शब्द म्हणा, ‘मनी, ये’. मग कधी मधेच हाक मारून हातातून तुकडा द्या. काही आठवड्यांनी, रविवारी सासूबाई आल्या की ती हाक त्यांना मारू द्या.