टार्गेट हुकतं, पण चूक सुटत नाही

प्रश्न : मुलगी बँकेत सेल्सला आहे. प्रत्येक अर्ज तीन-तीनदा तपासते, त्यात टार्गेट राहून जातं. ऑफिसच्या ‘डिस्क’ या स्वभावचाचणीत तिचा ‘सी’ गट आला. नोकरी बदलावी का? – एक पालक, सांगली

उत्तर : नियम, अचूकपणा आणि पुरावा धरून चालणाऱ्यांचा हा गट. ही विभागणी विल्यम मार्स्टन यांच्या १९२८च्या मांडणीवर बेतलेली आहे. चाचण्या पुढे इतरांनी तयार केल्या. त्यातून फक्त कल कळतो. एका अक्षरावर राजीनामा देऊ नये. तुम्ही लिहिलेलं तिचं वागणं मला जास्त बोलकं वाटतं. अर्जावरची सही पॅनकार्डाशी जुळत नाही, हे जिच्या चटकन लक्षात येतं, तिची बँकेला कर्जछाननीत, केवायसी तपासणीत किंवा अंतर्गत लेखापरीक्षणात फार गरज असते. तिने आधी तिथेच बदली मागावी. तोवर कुठली चूक महागात पडते, ते साहेबांना विचारून घ्यावं. नाव, खाते क्रमांक, रक्कम, सही हे दोनदा पाहावं, बाकी एकदाच. मात्र चुकीच्या धास्तीने तिची झोप उडत असेल, तर स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. समुपदेशकाला जरूर भेटा.